बाई ब्लाइंडवर आहे

१२ जाने., सोम.

आजपासून भांडणं ही माझी नोकरी.

ठाण्याला वागळे इस्टेटमधला स्टुडिओ. खालच्या गाळ्यात पत्रा कापतात, त्यामुळे दर वीस मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबतं. काम असं की परदेशात कधीच होऊन गेलेली पोकरची स्पर्धा आहे, तिचे भाग इथल्या चॅनेलवर मराठीत लावायचे. समालोचक दोन. एकाने खेळाडूच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. वैशाली मॅडम निर्मात्या. त्यांचं म्हणणं, समजावून सांगितलं की लोक चॅनेल बदलतात, भांडलं की थांबतात. खेळ नाही कळला तरी चालेल म्हणे, भांडण कळलं पाहिजे.

सुरुवातीचं-शेवटचं स्क्रिप्ट माझं, मधलं डाव बघत ऐनवेळी बोलायचं. एक आवाजही माझा. दुसरा आवाज जयेश. ठाकुर्लीचा, मूळ गावातला. जुनं घर पाडून वर सात मजले, खाली याची जिम. कबड्डीच्या सामन्यांना माइकवर असतो. आवाज चांगला आहे, हे लिहायलाच लागेल. पहिल्या पाच मिनिटांत मला "मॅडम" बोलला. असा बोलला की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

१३ जाने., मंगळ.

शब्दांची यादी आजच हवी होती वै. मॅ.ना.

फोल्ड, म्हणजे पानं टाकून डावातून बाहेर पडणं. मी लिहिलेलं "पानं सोडली". जयेशचं म्हणणं, तीन पत्तीत सगळे "पॅक" बोलतात, मग पॅक. वै. मॅ. त्याच्या बाजूने. बरं.

मग ब्लाइंड. यावर पाऊण तास. पोकरमध्ये पानं बघायच्या आधीच दोघांना पाळीपाळीने सक्तीने काहीतरी टाकावं लागतं, ते ब्लाइंड. आपल्या तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. शब्द एक, अर्थ दोन. मी "सक्तीची बोली" सुचवलं. जयेश हसला. नाकातून हसतो. बोलला, "शाळेत संस्कृत घ्यायला लावतात तसं वाटतंय."

ब्लाइंडच राहिलं. यादीत मी कंस करून दोन्ही अर्थ लिहून ठेवलेत. कोणीतरी यात पडणार आहे, आणि ती मी नसणार.

१५ जाने., गुरु.

पहिलं रेकॉर्डिंग. डोकं भणभणतंय.

टीव्हीवरच्या पोकरमध्ये प्रेक्षकाला डाव्या कोपऱ्यात सगळ्यांची झाकलेली पानं दिसतात. टेबलावरच्या माणसाला फक्त स्वतःची. म्हणजे घरी सोफ्यावर चिवडा खात बसलेला प्रत्येक जण देव. आणि जयेश या देवांचा पुजारी.

खेळाडूंची खरी नावं स्क्रिप्टमध्ये आहेत. इथे माझी. गॉगल: काळा चष्मा, चेहऱ्यावर काहीच नाही. स्वेटर: पोरसवदा, हाताच्या बाह्या ओढत बसतो. बाई: पन्नाशीची, पांढरे केस तसेच ठेवलेले, हातात पेन्सिल.

आज स्वेटरने दोन गुलाम पॅक केले. समोर गॉगलकडे दोन राण्या होत्या. जयेश लगेच, काय माणूस आहे, काय नाक आहे, वास लागला त्याला. मी माइकवर विचारलं, त्याला राण्या दिसत होत्या का? नव्हत्या. मग हे नाक नाही, ही भीती आहे. नशिबाने बरोबर ठरलेली भीती. डाव कसा निघाला यावरून खेळाडू हुशार की मूर्ख ते ठरवायचं नसतं. त्या क्षणी त्याला काय माहीत होतं तेवढंच बघायचं.

जयेश: "बरोबर ते बरोबर. का बरोबर ते मॅडम बघतील."

वै. मॅ. काचेपलीकडून अंगठा दाखवत होत्या. त्यांना हवं होतं तेच.

१६ जाने., शुक्र.

सुचलं. गाडीत नाही, स्टुडिओत नाही, दात घासताना.

माझ्या मॉनिटरचा डावा कोपरा झाकायचा. मी पानं न बघता बोलणार. खेळाडूला जेवढं कळतं, त्याहूनही कमी. जयेश बघून बोलणार. एक आंधळी, एक देव.

वै. मॅ.ना आवडलं. पिवळा कागद लावून टाकला. जयेश विचारतो, आंधळी कोशिंबीर खेळायला आलीस का.

खरं कारण त्यांना सांगितलेलं नाही. इथे लिहिते. गेल्या वर्षी एक गोष्ट पाठवलेली, जिच्यात निवेदकाला पुढच्या वाक्यात काय होणार तेच माहीत नसतं. त्रैमासिकाच्या संपादकांनी परत पाठवली. "प्रयोग लक्षात आला, गोष्ट लक्षात आली नाही." हे वाक्य मला सहा महिने चावतंय. आता फायनल: अडीच तास, एकच आवाज, पानं झाकलेली, काय होणार ते माहीत नाही, आणि तरी बोलत राहायचं. ते कागदावर जमलं नाही मला. इथे जमेल. दुसरी संधी कोण देणार.

वै. मॅ. बोलल्या, फायनलला एकच आवाज ठेवायचा हे ठरलंय. तुझा की त्याचा, पुढचे दोन भाग बघून सांगते.

जयेशलाही फायनल हवी आहे. कारण विचारलं तर बोलला, चार आत्या आहेत, चौघी पत्तेवाल्या, गौरीच्या जागरणाला रात्रभर खेळतात, त्यांनी बघायचंय.

आत्या. माझ्या प्रयोगासमोर चार आत्या.

२० जाने., मंगळ.

आजच्या मारामाऱ्या:

तो माइकवर "त्याला राजा भेटला" बोलतो. मी थांबवलं. मिळाला. राजा मिळतो. माणसं भेटतात. तीन वेळा टेक. चौथ्या वेळी मुद्दाम "भेटला". वर मला: "डोंबिवलीत मिळतं, ठाकुर्लीत भेटतं. अंतर एक स्टेशन."

साउंडवाला प्रमोद हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मला पण हसू आलेलं. दाखवलं नाही.

दुसरी: गॉगल सतत थापा मारतो असं मी म्हटलं. म्हणजे हातात काही नसताना पैसे पुढे सरकवतो. जयेश म्हणे तो थापा मारत नाही, समोरच्याला वाटायला लावतो की मारतोय. मी: तुला कोपऱ्यात दिसतंय म्हणून तू शहाणा. तो: "मग काढ ना तुझा कागद, तू पण हो शहाणी."

तिसरी: चहा. दोन कप सांगितलेले, दोन्ही तो प्यायला.

आई विचारते, तिथे तुझं कोणाशी जमतं का. जमवायला ठेवलेलंच नाही मला, म्हटलं.

२२ जाने., गुरु.

नीट लिहून ठेवते. क्रमाने.

चार जण उरलेले. स्वेटरकडे जवळजवळ काही नाही, आता जाईल की मग जाईल. एक जण गेला की उरलेले तिघे बक्षिसाच्या वरच्या पायरीवर. बाई ब्लाइंडवर, म्हणजे तिचे दोन आधीच पडलेले. (लाखात आहे. शून्यं मी खाल्ली.) गॉगलने चार केले. स्वेटर पॅक. चौथा पॅक. बाईला डावात राहायचं तर आणखी दोन टाकायचे.

मी बोलले, पॅक. डोळे मिटून पॅक. स्वेटर मरायला टेकलाय, त्याला मरू दे, तू नुसती बसून राहा, आपोआप पहिल्या तिघांत जाशील. आत्ता खेळणं म्हणजे उतावीळपणा.

जयेश बोलला, "बाई ब्लाइंड आहे. ब्लाइंडला अर्धीच चाल लागते. अर्ध्यात कोण सोडतं?"

मला इतका आनंद झाला. पडला. यादीतल्या कंसात बरोबर पडला. तीन पत्तीत जो पानं न बघता खेळतो त्याला बघून खेळणाऱ्याच्या अर्धं टाकावं लागतं. या माणसाला वाटलं बाईने पानंच बघितली नाहीत.

बाईने दोन टाकले. मधे तीन पानं उघडली: सत्ती, पंजी, राजा. बाईने होतं नव्हतं ते पुढे सरकवलं. गॉगलनेही. आता पानं टेबलावरच उघडी, माझ्या कागदाचा उपयोग नाही. बाईकडे बदामाची सत्ती-पंजी, म्हणजे दोन जोड्या. गॉगलकडे एक्का-राजा, एकच जोडी. बाई पुढे. चौथं पान तिर्री, अजून बाईच पुढे. पाचवं पान राजा. गॉगलचे तीन राजे. संपलं. बाईने पेन्सिल कानामागे खोचली, गॉगलशी हात मिळवला, गेली.

आणि मी माइकवर: "पॅक करता आलं नाही, म्हणून बॅग पॅक करावी लागली."

ते चांगलं होतं. तिथे थांबायला हवं होतं. पुढे: "आणि जयेश, ब्लाइंड म्हणजे पानं न बघता नव्हे. तिने बघितली होती. हे पोकर आहे, तुझ्या आत्यांचं गौरीचं जागरण नाही."

प्रमोद टेबलावर थाप मारून हसला. वै. मॅ. हसल्या. जयेश काही बोलला नाही. अकरा सेकंद. टेपवर दिसतात ती, सरळ रेघ.

२३ जाने., शुक्र.

वै. मॅ.च्या केबिनमध्ये गेले. स्वतःहून. असं बोलले की मला तक्रार करायची नाहीये. म्हणजे तक्रारच. ज्याला ब्लाइंड या शब्दाचा अर्थ माहीत नाही, यादीत लिहून दिलेला असून माहीत नाही, त्याला फायनल दिली तर लोक चॅनेलला हसतील. त्या "हं" बोलल्या. कालचा तो तुकडा परत लावून बघितला. बॅग पॅकवर परत हसल्या.

फायनल माझी. एकटीची. कोपरा झाकलेला. पुढच्या गुरुवारी, २९ ला अकरा वाजता रेकॉर्डिंग.

जयेशला काय दिलं? शेवटची सूचना. "या खेळाची सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा", चार सेकंदांत. कबड्डीवाला आवाज, चार सेकंद.

कालचा भाग ३१ ला, शनिवारी लागणार.

फडके रोडवरून चालत घरी आले. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. कोणाला सांगणार. इथे सांगते: जिंकले.

२५ जाने., रवि.

हे लिहायचं नव्हतं.

दुपारी आईला तो डाव सांगत होते. बढाई मारत होते. तिला पोकर माहीत नाही, म्हणून पत्ते काढले. प्रत्येकाला दोन झाकलेली, मधे पाच सगळ्यांची, ज्याचं चांगलं जुळेल त्याचा डाव. आई गॉगल, मी बाई. तिला एक्का-राजा, मला बदामाची सत्ती-पंजी. म्हटलं बघ आता, अशी पानं घेऊन खेळणं कसा वेडेपणा आहे. दहातले नऊ डाव तू जिंकशील.

पहिले चार आईने मारले. खूश. "मग सोड ना तू. कशाला बसतेस सत्ती-पंजी घेऊन?"

पाचवा मी. सहावा मी. आठवा मी.

चाळीस डाव लावले. आईने तेवीस, मी सतरा. आई बोलली, हे काही दहात नऊ नाही. एमआयडीसीचा वास यायला लागलेला म्हणून ती उठून खिडक्या लावत होती, माझ्याकडे बघत पण नव्हती. आणि सहज विचारलं, त्या बाईला अजून फक्त दोनच टाकायचे होते ना?

मधे किती होते ते मी तोपर्यंत मोजलंच नव्हतं. बाईचे आधीचे दोन. गॉगलचे चार. चौथ्याचा एक, त्याचं पण छोटं ब्लाइंड होतं. सगळ्या टेबलाच्या वतीने सुरुवातीलाच टाकतात ते दोन. नऊ. दोन टाकून नऊ मागायचे. साडेपाच डावांत एकदा जिंकली तरी बाईचं नुकसान नाही. ती दहात चार वेळा जिंकते.

मग म्हटलं, पण स्वेटर मरायला टेकलेला, थांबायला नको होतं का? कागदावर परत मांडलं. दोन तास. थांबण्याला किंमत आहे, पण इतकी नाही. दोनच टाकायचे असताना तर नाहीच.

बाईने बरोबर केलं. राजा आला म्हणून हरली. मी राजा आला म्हणून शहाणी ठरले. १५ तारखेला मीच काय बोललेले ते वर लिहिलंय. परत वाचवत नाही.

फक्त एक धरून बसलेय: जयेशचं उत्तर बरोबर असेल, कारण चुकीचं होतं. त्याला वाटलं बाईने पानं बघितली नाहीत. एवढं माझ्याकडे आहे.

२६ जाने., सोम.

तेवढंही नाही.

सोसायटीचं झेंडावंदन उरकून ठाकुर्लीला गेले. जिम उघडी होती, दाराला तिरंगी फुगे. जयेश वजनं पुसत होता. मला बघून पुसतच राहिला. मी उभ्या उभ्या विचारलं, बाईने पानं बघितली नाहीत असं तुला खरंच वाटलं होतं का?

या वेळी तो नाकातून हसला नाही.

"माझा कोपरा उघडा होता, ऋता. ती पानं उचलून बघते तेव्हाच ती कोपऱ्यात येतात. मना दिसत होती. तुला नव्हती दिसत. कागद तुझ्याकडे होता."

मग अर्धी चाल का बोललास?

"चारची चाल. दोन आधीच पडलेले. दोन टाकायचे. अर्धी नाय तर काय?"

वजन ठेवलं त्याने. मी त्याला विचारलं की मग तेव्हाच का नाही बोलला, अकरा सेकंद होते. तर बोलला, बाई हरून उठलेली. हरल्यावर कोण ऐकतं कारण. तू ऐकलं असतंस?

नसतं.

सॉरी बोलले. म्हणजे तोंडातून काहीतरी निघालं, त्यात सॉरी होतं. जयेश माझ्या जवळ आला, मला वाटलं ओरडेल. हळूच बोलला, ते जास्त लागलं.

"मना पत्ते आत्यांनी शिकवले. गौरी आल्या की सगळी वाडी आमच्याकडे, आणि पानं वाटणार थोरली. सात वर्षांचा होतो तेव्हा बोलायची, बाबू, किती टाकायचे आणि किती पडलेत तेवढंच बघ, पानं मागाहून बघ. ती शनिवारी टीव्हीसमोर बसणार, आणि तू तिच्या नावाने हसवणार. इथे सॉरी कनाला बोलतेस? माइकवर केलंस ना? माइकवर काढ."

ठाकुर्ली ते डोंबिवली चालत आले. रुळांच्या कडेकडेने, उन्हात. मी दोन तास कागदावर जे मांडलं ते त्याच्या आत्याने एका वाक्यात. आणि माझ्या यादीतल्या कंसात दोन अर्थ होते. अर्धे आधीच पडलेत, हा तिसरा नव्हता.

रागही आहे. खोटं कशाला लिहू. त्याला तेव्हा बोलता आलं असतं. मला पडू दिलं. मी पडतेय हे त्याला दिसत होतं आणि त्याने बघितलं. कोपरा उघडा ठेवून.

२७ जाने., मंगळ.

वै. मॅ.ना सांगितलं. पूर्ण नाही. असं बोलले की २२ तारखेच्या भागातलं माझं एक वाक्य परत रेकॉर्ड करायचंय. कुठलं? आत्यांचं.

तेच तर प्रोमोला लावलंय, बोलल्या. मोबाइलवर दाखवलं. बॅग पॅक, मग आत्या, मग प्रमोदचं हसणं, मग चॅनेलचं चिन्ह. पंधरा सेकंद.

मग पूर्ण सांगितलं. नऊ, दोन, अर्धी चाल, सगळं. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही, जेवत होत्या. शेवटी:

"पण बाई हरली ना?"

हरली, पण...

"मग लोकांना काय दिसलं? तू पॅक बोललीस, ती खेळली, ती गेली. तू बरोबर."

मी बोलले की निकालावरून नाही ठरवायचं. त्या बोलल्या, तुझं हे मला तोंडपाठ झालंय. डबा बंद केला. मग आवाज बदलला त्यांचा. रागावल्या नव्हत्या, कंटाळलेल्या.

"हे बघ ऋता. तो चुकला म्हणून मी फायनल तुला दिली. तू सांगतेस तो चुकला नव्हता. म्हणजे मी चुकीच्या माणसाला दिली. तसं दोन ओळींत लिहून पाठव, मी प्रोमो बदलते, वाक्य काढते, आणि फायनल त्याला देते. नाही तर गुरुवारी अकराला ये. दोन्ही नाही मिळणार."

उद्या संध्याकाळपर्यंत सांग, बोलल्या.

बाहेर जयेश सूचना रेकॉर्ड करत होता. जबाबदारीने खेळा, साडेचार सेकंद. प्रमोद म्हणतोय अर्धा सेकंद कमी कर. परत. परत. काचेतून त्याने मला बघितलं. न अडखळता चार सेकंदांत बोलला.

२८ जाने., बुध.

दोन ओळी लिहिल्या. खोडल्या. परत लिहिल्या. मोबाइलमध्ये आहेत, पाठवलेल्या नाहीत.

सकाळी वाटत होतं, चार म्हाताऱ्या बायकांना शनिवारी पंधरा सेकंद वाईट वाटेल, सोमवारी विसरतील. मी हे अडीच तास आयुष्यभर शोधतेय.

दुपारी वाटलं, ज्या माणसाला काय होणार ते माहीत नाही त्याच्याबद्दल अडीच तास बोलणार, आणि जे माहीत आहे ते दडवून. काय प्रयोग आहे. वा.

संध्याकाळी आईने विचारलं, जेवणार आहेस का. ताट वाढून घेतलं आणि झाकून ठेवलं.

सात वाजले. वै. मॅ.चा मेसेज: "मग?" मी लिहिलं, "येते उद्या अकराला." हे उत्तर आहे की नाही मलाच माहीत नाही. त्यांनी अंगठा पाठवला.

२९ जाने., गुरु.

स्क्रिप्टच्या पाठीवर लिहितेय, नंतर वहीत चिकटवेन. दोन मिनिटं आहेत.

अकराला बसले. कोपरा झाकलेला. फायनल: गॉगल आणि स्वेटर. (चौथा मधेच गेला, तो तुकडा चॅनेलने कापलाय.) हो, स्वेटर, जो मरायला टेकलेला. त्याची वाट बघत बसली असती बाई तर बसूनच राहिली असती. ही बातमी मला आज कळली आणि तिचा मला उपयोग करायचा नाही. ती पण निकालच आहे.

लाल दिवा. पहिलं वाक्य स्क्रिप्टमध्ये "नमस्कार, आज शेवटची लढत" असं होतं. मी बोलले: "सुरुवातीला एक राहिलेलं. मागच्या भागात बाईने दोन टाकून नऊ मागितले. ते बरोबर होतं. हरली तरी बरोबर होतं. माझा जोडीदार जयेश तेव्हाच बोललेला, अर्धी चाल आहे, सोडायची नसते. चूक मी केली, आणि त्याची म्हणून खपवली."

राग होता. माझ्यावर, त्याच्यावर, वै. मॅ.वर, सगळ्यांवर.

"कट." मग वै. मॅ.चा आवाज हेडफोनमध्ये, फार शांत. हे काय होतं? मी सांगितलं, तुम्हाला लिहून हवं होतं, मी बोलून दिलं. त्या बाहेर गेल्या, फोनवर. चॅनेलशी असणार.

जयेश काचेपलीकडे होता, फायनलची सूचना रेकॉर्ड करायला बोलावलेला. तिकडे आवाज जात नाही. प्रमोदने टेक मागे नेला आणि हेडफोन त्याच्याकडे धरला. त्याने घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही म्हणजे काही कळलं नाही. परत लाव, अशी खूण केली प्रमोदला. परत ऐकलं. मग दार ढकलून आत आला.

मला वाटलं आभार मानेल. मूर्ख मी.

"चाल सांगितलीस. आत्यांचं राहिलं."

राहिलं. खरंच राहिलं. नऊ आणि दोन बोलताना जीभ चुरुचुरु चालली, आणि जे हसवलेलं ते तसंच टेपवर. मी बोलले, ते पण बोलते, पण आता मला माइक देतील की नाही माहीत नाही. तो बोलला, मग मना देतील तेव्हा मी सांगणार नाय. ते तुझं आहे.

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. आणि तो बरोबर होता, परत.

आता वै. मॅ. परत आल्यात. काचेपलीकडून बटण दाबून बोलल्या, चॅनेलशी बोलणं झालं, दोन मिनिटांत घेतोय, आवाज एकच, कोणाचा ते तुम्ही दोघं ठरवा आणि एक जण बाहेर या.

प्रमोद बोटं दाखवतोय. एक मिनिट.

जयेश विचारतोय काय लिहितेस. सांगत नाहीये.

बसले तर आत्यांचं बोलता येईल पण फायनल परत माझीच, बाहेर गेले तर ते टेपवर तसंच. खुर्ची एकच आहे. दोघंही उभे आहोत.